खडा नंतर, आधी दार: ईआरसीपीत डॉक्टर नेमकं काय करतात?

गेल्या पावसाळ्यात धायरीचा एक तरुण आमच्या एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर उभा होता. आत टेबलावर त्याची आई. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी गडद, अंगाला अशी खाज की दोन्ही दंडांवर नखांचे ओरखडे उठलेले. पित्तनलिकेत खडा अडकला होता, आणि तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढायचा होता. यालाच ईआरसीपी म्हणतात. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आज नळीत शिरता आलं नाही. दारावर सूज यायला लागली म्हणून थांबलो. तीन दिवसांनी पुन्हा करू."

तो गोंधळला. "दुर्बीण पोचली नाही का?" पोचली होती. "मग खडा जागेवर नाही?" होता. "मग काढला का नाही?"

मी पुण्यात चौदा वर्षं एंडोस्कोपी टेक्निशियन म्हणून काम करते. दुर्बीण डॉक्टरांच्या हातात असते, तार माझ्या. त्या मुलाचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर सावकाशीने लिहायचं फार दिवस मनात होतं. नातेवाइकांना वाटतं, अवघड काम म्हणजे खडा काढणं. एकदा नळीत शिरलं की साधा खडा दहा-पंधरा मिनिटांत निघतो. सगळी परीक्षा असते ती त्याआधी, नळीच्या दारात. तिथे किती वेळ झटायचं आणि कधी हात मागे घ्यायचा, यावर पेशंटचं पुढचं बरंच काही ठरतं.

## कात्रजचं पाणी आणि पोटातलं पित्त

पेशवाईत, नानासाहेबांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं होतं. वाटेत हवेसाठी उच्छ्वास आणि शेवटी पेठांमधले हौद. नळात गाळ अडकला की पुढचा हौद कोरडा पडणार आणि मागे पाणी तुंबणार.

पोटातही अशीच व्यवस्था आहे. यकृत हा तलाव. तिथे रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. ते पित्तनलिकेतून खाली येतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पडतं. वाटेत बाजूला एक साठवणीचं टाकं आहे, ते पित्ताशय. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत पित्त तिथे जमतं, दाट होतं, आणि तुपकट काही पोटात गेलं की पित्ताशय आकसून ते सोडतं. खडे बहुतेक वेळा या टाक्यात तयार होतात. तिथे पडून राहिलेले खडे कित्येकांना आयुष्यभर काहीच त्रास देत नाहीत. पण त्यातला एखादा घसरून नळीत आला आणि खालच्या टोकाशी रुतला, की नळ तुंबला.

मग पित्त मागे रक्तात मिसळतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंग खाजतं. आतड्यात पित्त पोचत नसल्याने शौचाचा रंग जातो, ती पांढुरकी, मातकट होते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर हुडहुडी भरून ताप येतो, आणि तेव्हा एक रात्रही घरी काढू नये.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. काविळीला माळ घालायची, झाडपाल्याचा रस प्यायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. नळी तुंबल्याची कावीळ माळेने उतरत नाही. अशा वाट पाहण्यात तीन-तीन आठवडे गेलेली माणसं मी टेबलावर पाहिली आहेत. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा आणि सोनोग्राफी करा.

## हौदाच्या तोंडातून वर

तुंबलेला नळ मोकळा करायचा तर दोन वाटा. एक, रस्ता खणून नळ फोडायचा. ही झाली शस्त्रक्रिया. दुसरी, हौदात उतरून नळाच्या तोंडातून प्रवाहाच्या उलट वर जायचं. ही ईआरसीपी. पूर्ण नाव एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलॅन्जिओपॅन्क्रिॲटोग्राफी. लांबलचक नावातला 'रेट्रोग्रेड' एवढाच शब्द लक्षात ठेवा, त्याचा अर्थ उलट्या दिशेने. तोंडातून दुर्बीण, अन्ननलिका, जठर, तिथून लहान आतडं, आणि मग आतड्यात उघडणाऱ्या नळीच्या तोंडातून वर.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये विल्यम मॅकक्यून यांनी 1968 साली हे पहिल्यांदा करून दाखवलं. तेव्हा हेतू फक्त नळीचा फोटो काढण्याचा होता. 1974 मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि त्याच सुमाराला जपानमध्ये कावाई यांनी, दुर्बिणीतूनच नळीचं तोंड कापून मोठं करण्याची पद्धत मांडली. पोट न उघडता खडा काढता येऊ लागला तो त्यामुळे.

या कामाची दुर्बीणही वेगळी असते. नेहमीच्या एंडोस्कोपीची दुर्बीण समोर बघते. पण पित्ताचं दार आतड्याच्या भिंतीत, बाजूला असतं. लक्ष्मी रस्त्यावरून नाकासमोर चालत गेलात तर बाजूच्या बोळात काय आहे ते दिसत नाही, मान वळवावीच लागते. म्हणून ईआरसीपीच्या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून कडेला असतो. त्याच्याशेजारी एक इवलीशी तरफ असते. आतून येणारी तार किंवा नळी ती वर उचलते आणि दाराच्या दिशेला वळवते. या तरफेची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

## हरभऱ्याएवढं दार, आत दोन वाटा

आतड्याच्या भिंतीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा, कमी-जास्त फुगीर उंचवटा दिसतो. आम्ही त्याला पॅपिला म्हणतो. जर्मनीच्या अब्राहम व्हाटर यांनी 1720 मध्ये या जागेचं वर्णन केलं, त्यांचं नाव तिला अजून चिकटून आहे. उंचवट्याच्या टोकाशी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं छिद्र. त्याभोवती स्नायूचं कडं, बटव्याच्या नाडीसारखं आवळलेलं. हे कडं कसं काम करतं ते 1887 मध्ये इटलीतल्या रुजेरो ओडी यांनी दाखवलं, तेही विद्यार्थी असताना. आतड्यातलं अन्न आणि जंतू वर नळीत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेला हा बंदोबस्त. आम्हाला नेमकं तिथूनच शिरायचं असतं.

जुन्या वाड्याची दिंडी आठवा. वाकून आत शिरलं की छोटी देवडी, आणि तिथून दोन वाटा फुटतात. पॅपिलाच्या आतही बहुतेक माणसांत तसंच असतं. एक वाट पित्तनलिकेची. ती लगेच वर चढते, आणि पडद्यावर पॅपिला समोर ठेवला तर घड्याळातल्या 11 च्या दिशेला जाते. दुसरी स्वादुपिंडाची, म्हणजे पॅन्क्रियाजची. ती जवळजवळ सरळ आत, किंचित उजवीकडे, 1 च्या दिशेला. सरळ ढकललेली तार आपसूक कुठे जाणार? स्वादुपिंडात.

आणि स्वादुपिंड फार नाजूक आहे. त्याचा रस अन्न पचवतो. त्याच्या नळीला पुन्हा पुन्हा धक्का लागला, किंवा तोंडाशी सूज येऊन रस कोंडला, तर तोच रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. ईआरसीपीतली सगळी सावधगिरी या एका शेजाऱ्यासाठी आहे.

## माझ्या हातातली तार

तार साधारण साडेचार मीटर लांब असते आणि जाडी एक मिलिमीटरहून कमी. टोक मऊ, सलाईनने ओलं केलं की बुळबुळीत होतं. ती एका बारीक नळीत घातलेली असते. त्या नळीच्या टोकाला धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी एक धातूची तार ताणलेली असते. ती आवळली की नळीचं टोक वर वाकतं आणि वेळ आली की त्याच तारेत वीज सोडून स्नायू कापता येतो.

पेशंट भूल देऊन पालथा किंवा डाव्या कुशीवर असतो. दुर्बीण आतड्यात सरळ केली की दातांपाशी साधारण 60 सेंटिमीटरची खूण येते. पडद्यावर पॅपिला समोर. डॉक्टर मनगट दोन अंश वळवतात, पॅपिला पडद्याच्या मधोमध येतो. नळीचं टोक छिद्राला जेमतेम टेकतं. मग मला आवाज येतो, "दे, हळू."

मी दोन बोटांत तार धरून मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सारते. बोटांना कळतं. भिंतीवर अडली तर तार बोटांत किंचित वाकते, पुढे जोर करायचा नाही. "थांब. मागे घे." टोक पाव मिलिमीटर वर, थोडं डावीकडे. "दे." खोलीत फक्त मॉनिटरची टिकटिक. आणि मग कधीतरी तो अडसर एकदम नाहीसा होतो, लोण्यातून सुरी जावी तशी तार सरकते. आम्ही दोघं एकाच वेळी एक्स-रेच्या पडद्याकडे बघतो. तार मणक्याच्या उजव्या बाजूने यकृताकडे वर चालली असेल तर पित्तनलिका. मणक्यावरून आडवी गेली तर स्वादुपिंड, लगेच मागे.

पूर्वी आधी रंग सोडायचे, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, आणि नळी कुठे आहे ते पाहायचे. त्यात तो रंग स्वादुपिंडात दाबाने जायची भीती असे. आधी तार, खात्री पटली की मगच रंग, या क्रमाने केलं तर पॅन्क्रियाटायटिस कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आता बहुतेक ठिकाणी हाच क्रम आहे.

## दार उघडत नाही तेव्हा

युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये 'अवघड दारा'ची एक सोपी व्याख्या दिली. पॅपिलाला पाचपेक्षा जास्त वेळा स्पर्श झाला, किंवा पाच मिनिटं उलटून गेली, किंवा तार एकापेक्षा जास्त वेळा चुकून स्वादुपिंडात गेली, तर हे दार अवघड आहे असं समजा आणि पद्धत बदला. ही व्याख्या मला फार शहाणपणाची वाटते. माणूस एखाद्या गोष्टीत अडकला की "अजून एकदा" म्हणत राहतो, आणि इथे प्रत्येक "अजून एकदा" पॅपिलावर सूज वाढवतो.

पद्धत बदलायची म्हणजे काय? तार पुन्हा पुन्हा स्वादुपिंडात जात असेल तर ती तिथेच राहू द्यायची आणि शेजारून दुसरी तार घालायची. पहिल्या तारेने चुकीची वाट अडवलेली असते, शिवाय पॅपिला थोडा सरळ होतो, त्यामुळे दुसरीला वरची वाट सापडते. काम झाल्यावर स्वादुपिंडाच्या नळीत एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात, म्हणजे सूज आली तरी रस कोंडत नाही.

दुसरा उपाय प्रीकटचा. सुईसारख्या बारीक वीजचाकूने छिद्रापासून वर, किंवा छिद्राला हात न लावता उंचवट्याच्या फुगीर भागावर, थर-थर कापत पित्तनलिकेपर्यंत जायचं. पित्त दिसलं की वाट सापडली. हे अनुभवी हाताचं काम आहे. रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला छिद्र पडू शकतं. पण योग्य हातात आणि योग्य वेळी केलेला प्रीकट अर्धा तास पॅपिलाला टोचत बसण्यापेक्षा सुरक्षित असतो.

तिसरा उपाय थांबण्याचा. कापलेल्या किंवा सुजलेल्या जागी रक्त आणि सूज असताना काहीच नीट दिसत नाही. दोन-चार दिवसांत सूज उतरते आणि तेच दार पुष्कळदा पहिल्या पाच मिनिटांत उघडतं. धायरीच्या त्या बाईंना ताप नव्हता, रक्तदाब नीट होता, म्हणून थांबणं शक्य होतं. हुडहुडी आणि ताप असता तर तीन दिवस वाट पाहिली नसती, त्याच दिवशी दुसऱ्या वाटेने पित्त बाहेर काढलं असतं.

## "एवढा धोका आहे तर करायचंच कशाला?"

धोका खरा आहे. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना पॅन्क्रियाटायटिस होतो. बहुतेकांचा सौम्य असतो, काही दिवस जास्त राहावं लागतं. थोड्यांचा गंभीर होतो, आणि क्वचित जिवावर बेततो. तरुण स्त्रिया, आधी हा आजार होऊन गेलेली माणसं आणि ज्यांची पित्तनलिका फुगलेली नाही अशांना धोका जास्त.

तो कमी करायचा एक उपाय अगदी साधा आहे. इंडोमेथॅसिन नावाचं वेदनाशामक औषध गुदमार्गाने, म्हणजे सपोझिटरी म्हणून द्यायचं. अमेरिकेत मुख्यतः जास्त धोक्याच्या 602 रुग्णांवर केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध न मिळालेल्यांपैकी 16.9 टक्के लोकांना पॅन्क्रियाटायटिस झाला, मिळालेल्यांपैकी 9.2 टक्के. डायक्लोफेनॅकचाही तसाच उपयोग होतो. किडनीचा त्रास किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि नसेल तर "सपोझिटरी दिली का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही.

तरीही करायचं, कारण तुंबलेली नळी तशीच सोडणं त्याहून वाईट. म्हणूनच फक्त फोटोसाठी आता कुणी ईआरसीपी करत नाही. खडा काढायचा आहे, वाट मोकळी करायची आहे, असं काही करायचं असेल तरच.

## "एमआरआय झालाय, मग हे पुन्हा कशाला?"

नावांमुळे हा गोंधळ होतो. एमआरसीपी हा एमआरआय मशीनवरचा नुसता फोटो. त्यात शरीरात काही शिरत नाही, पण खडाही निघत नाही. ईआरसीपी ही प्रत्यक्ष दुरुस्ती. आधी फोटोत खात्री करायची, मग दुरुस्ती.

काहीजण म्हणतात, सरळ ऑपरेशन करून पित्ताशय आणि खडा एकदमच काढा. काही ठिकाणी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नलिका उघडून तसं करतातही, आणि निवडक रुग्णांसाठी ते उत्तम आहे. पण आपल्याकडे साधारण क्रम असा, की आधी ईआरसीपीने नळी मोकळी आणि मग पित्ताशयाचं लॅपरोस्कोपी ऑपरेशन. ते दुसरं ऑपरेशन टाळू नका. टाकं तसंच ठेवलं तर पुढचा खडा पुन्हा त्याच नळीत यायचा.

## दार मिळालंच नाही तर

काहींचा पॅपिला आतड्याच्या पिशवीसारख्या खळग्यात लपलेला असतो. काहींची गाठीमुळे वाट बुजलेली असते. काहींचं पूर्वी जठराचं किंवा लठ्ठपणाचं ऑपरेशन झालेलं असतं आणि आतड्याचा रस्ताच बदललेला असतो, नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही.

अशा वेळी दाराऐवजी भिंतीतून जातात. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणजे टोकालाच सोनोग्राफी असलेली दुर्बीण. जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीपलीकडे फुगलेली पित्तनलिका तिच्यात दिसते. सुईने तिच्यात शिरून तार घालतात. ती तार वरून खाली ढकलून पॅपिलातून बाहेर काढता येते, आणि मग नेहमीच्या दुर्बिणीने ती पकडून पुढचं काम. नाहीतर भिंतीतच नळी बसवून पित्ताला नवी वाट देतात. आणखी एक जुनी, भरवशाची वाट म्हणजे पीटीबीडी. बरगड्यांमधून, त्वचेवरून यकृतात सुई, तिथून नलिकेत. बाहेर पिशवी लटकते म्हणून लोक घाबरतात, पण जंतुसंसर्गाने बेजार झालेल्या माणसाला ती पिशवी जीवदान देते.

## "दुर्बीण नीट धुतात का?"

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. मघाशी म्हटलेली ती तरफ, तिच्या मागच्या फटीत घाण अडकून बसते. अमेरिकेत अशा दुर्बिणींमधून औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णांना लागल्याचं उघड झालं, आणि 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. तेव्हापासून साफसफाईचे नियम कडक झाले. आम्ही प्रत्येक पेशंटनंतर तरफ वर-खाली करून दोन्ही बाजू ब्रशने घासतो, मग जंतुनाशकात ठेवतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुर्बीण कपाटात टांगत नाही. ओली दुर्बीण म्हणजे जंतूंना घर. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेवढंच मोलाचं.

## आत ठेवलेली नळी

तीन दिवसांनी धायरीच्या त्या बाई पुन्हा टेबलावर आल्या. सूज उतरली होती. चौथ्यांदा तार सारली आणि ती वर चढली. स्नायू थोडा कापला, तारेवरून खड्याच्या वर नेलेला छोटा फुगा, म्हणजे बलून, फुगवून खाली ओढला, आणि तपकिरी खडा आतड्यात घरंगळला. त्याच्यामागून हळदीच्या पाण्यासारखं पित्त आलं. मुलाने खडा बघायला मागितला. सगळेच मागतात. पण आतड्यात पडलेला खडा आम्ही सहसा तिथेच सोडतो, तो शौचावाटे निघून जातो.

वर दोन बारीक खडे राहिल्याची शंका होती म्हणून डॉक्टरांनी नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला. स्टेंट म्हणजे वाट उघडी ठेवणारी बोरूएवढी नळी. ती कायमची नसते. साधारण तीन महिन्यांत काढावी किंवा बदलावी लागते, नाहीतर तिच्यातच गाळ बसतो आणि पुन्हा कावीळ, पुन्हा ताप. लोक विसरतात. कावीळ उतरली, जेवण जायला लागलं, की हॉस्पिटल कुणाला आठवतं? दोन-दोन वर्षं आत राहिलेले, खड्यासारखे कडक झालेले स्टेंट काढताना मला त्या माणसांचा राग येत नाही, वाईट वाटतं, कारण बहुतेकांना कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी मी त्या मुलाला थांबवलं. कागदावर तारीख लिहून दिली आणि म्हटलं, "हा कागद हरवेल. आत्ता माझ्यासमोर मोबाइलमध्ये घाल." त्याने दोन गजर लावले, एक तारखेच्या आठ दिवस आधीचा आणि एक त्या दिवसाचा. मग आईकडे वळून म्हणाला, "तुझ्या फोनमध्येपण लावतो."